वाऱ्यानं वसवलेली बंदरं

श्रोतेहो, नमस्कार.

क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यासमोर कोर्चुला नावाचं बेट आहे, आणि त्याच नावाचं एक जुनं गाव. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या एका छोट्या जिभेवर ते वसलं आहे. गावाच्या मधून कण्यासारखा एक रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना गल्ल्या पाण्याकडं उतरतात, अगदी माशाच्या काट्यासारख्या. गंमत अशी, की पश्चिमेच्या गल्ल्या सरळ आहेत आणि पूर्वेच्या किंचित वाकलेल्या. याचं कारण मी आधी वाचलं होतं. पण ते अंगाला कळलं, ते सहा मित्रमैत्रिणींबरोबर शिडाच्या नौकेवर आठवडाभर राहिल्यावर. त्या आठवड्याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

क्रोएशियाच्या सगळ्या किनाऱ्यासमोर बेटं, लहान बेटुकल्या आणि खडक मिळून हजाराहून जास्त आहेत. त्यातल्या जेमतेम पन्नासेक बेटांवर माणसं कायमची राहतात. एका बेटावरून दुसरं दिसतं, भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, आणि उन्हाळ्यात आकाश बहुतेक दिवस निरभ्र. त्यामुळं भाड्यानं नौका घेऊन फिरणारे इथं खूप येतात. नौका सहसा शनिवार ते शनिवार मिळते. चालवणाऱ्याकडं परवाना लागतो आणि नौकेवरचा रेडिओ वापरण्याचा दाखलाही लागतो. आमच्यातल्या एकीकडं दोन्ही होतं. आठवडाभर तिचा शब्द शेवटचा, हे आम्ही धक्क्यावरच ठरवून टाकलं. तुम्ही कधी असे निघालात तर हे आधी ठरवा. मैत्री कितीही जुनी असो, समुद्रावर सहा मतं चालत नाहीत.

निघालो स्प्लिट या किनाऱ्यावरच्या शहरातून. रोमन सम्राट डायोक्लेशियननं निवृत्तीनंतर राहण्यासाठी इथं प्रचंड वाडा बांधला आणि इसवी सन 305 मध्ये सत्ता सोडून तो इथं आला. आज त्या वाड्याच्या भिंतींच्या आत आख्खं जुनं शहर नांदतं. घरं आहेत, दुकानं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत. त्याची दक्षिणेची भिंत पूर्वी थेट पाण्याला भिडलेली होती. आता मधे रुंद फरसबंदी रस्ता आहे. पण नौकेतून मागं वळून पाहिलं, की नजर आपोआप तो रस्ता पुसून टाकते. वाड्याच्या दगडातला पुष्कळसा समोरच्या ब्राच बेटावरून आला होता, आणि आम्ही ज्या पाण्यातून चाललो होतो त्याच पाण्यातून आला होता.

सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत असतो. शीड उभारलं तरी लोंबकळत राहतं. मग अकरा-साडेअकराला पाण्यावर दूर एक काळसर पट्टा दिसायला लागतो. तो पट्टा म्हणजे येणारा वारा. वायव्येकडून येणाऱ्या या उन्हाळी वाऱ्याला तिथले लोक माएस्त्राल म्हणतात. किनाऱ्याची जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला धावते. दुपारी त्याला भर येतो, संध्याकाळी तो विरतो. शीड भरलं, नौका एका अंगावर कलली आणि आम्ही इंजिन बंद केलं. त्यानंतर नौकेच्या पोटाला घासून जाणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता क्षण कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

तो वारा पाठीवर घेऊन आम्ही ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादच्या लांब खाडीत शिरलो. एजियन समुद्रातल्या पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनपूर्व 384 मध्ये इथं वस्ती केली. खाडीच्या मागच्या मैदानात त्यांनी जमिनीचे चौकोनी वाटे पाडले. एकेक वाटा साधारण 900 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद, मधे दगडी बांध. तेच बांध, तीच वाटणी आजही दिसते आणि त्यात आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. 2008 मध्ये युनेस्कोनं हे मैदान जागतिक वारशात घेतलं. आम्ही त्या बांधावर बसून उन्हं उतरेपर्यंत गप्पा मारल्या.

पुढचं बेट विस. युगोस्लाव्हियाच्या काळात इथं लष्करी तळ होता आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला बेटावर पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून इथं मोठी हॉटेलं उभी राहिली नाहीत. पण मला सांगायचं आहे ते बेटाच्या पश्चिम टोकाच्या कोमिझा गावाबद्दल. इथले कोळी सार्डिन मासे पकडायला पालाग्रुझा नावाच्या दूरच्या खडकाळ बेटावर जात. अंतर 42 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 78 किलोमीटर. तिथल्या किनाऱ्यावर होड्या ओढायला जागा थोडी, म्हणून आधी पोचेल त्याला ती मिळे. सगळे एकदम निघत आणि शर्यत लागे. त्यांच्या फाल्कुशा नावाच्या होडीला बाजूच्या फळ्या काढता-घालता येत. शिडावर जाताना फळ्या लावायच्या, म्हणजे लाटा आत येत नाहीत. वारा पडला की फळ्या काढायच्या आणि वल्ही मारायची. आमच्याकडं इंजिन होतं, बर्फाची पेटी होती, हवामानाचा अंदाज फोनवर येत होता. त्या धक्क्यावर उभं राहून मी समोरच्या मोकळ्या क्षितिजाकडं पाहिलं. 42 मैल, हातांनी! मला त्या माणसांविषयी जे वाटलं, त्याला आदर हा शब्दही अपुरा आहे.

कोमिझाहून पहाटे निघून, दिवसभर वारा मागं ठेवून, संध्याकाळी कोर्चुलाला पोचलो. दुसऱ्या दिवशी हवा बदलली. आकाश राखाडी, हवा दमट, दोर ओलसर. आग्नेयेकडून युगो सुरू झाला होता. हा वारा हळूहळू चढत जातो, कधी कधी दिवसच्या दिवस टिकतो आणि मोठ्या लाटा उठवतो. आमच्यातल्या दोघांना निघायचंच होतं, पुढं ह्वारला जेवणाची जागा सांगून ठेवली होती. आवाज चढले. आमची मैत्रीण एवढंच म्हणाली, "आज नाही." कुणी तिच्याशी वाद घातला नाही, पण नौकेवर दुपारपर्यंत कुणी कुणाशी बोललंही नाही. बारा मीटरच्या नौकेत रुसायला कोपरा नसतो. शेवटी एकेक जण गावात निघून गेला.

त्या दिवशी मी त्या गल्ल्या चाललो. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा एक तिसरा वारा या किनाऱ्यावर आहे, बुरा. थंड, कोरडा, झटक्यांनी येणारा, हिवाळ्यात भयंकर. त्याला थेट आत शिरता येऊ नये म्हणून पूर्वेच्या गल्ल्या वाकवल्या. आणि उन्हाळ्यातला माएस्त्राल घराघरांतून खेळावा म्हणून पश्चिमेच्या सरळ ठेवल्या. एका वाऱ्याला दार बंद, दुसऱ्याला उघडं. ज्यांनी हे गाव आखलं, ते नौकांवर जाणारे लोक असणार. आज निघायचं की थांबायचं, यावरून त्यांच्यातही आवाज चढले असतील. चढावर वळलो, तर निघायचा हट्ट धरणारा आमचा मित्र पायरीवर बसलेला. मी शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "इथं वारा लागतच नाही रे." मी त्याला वाकलेली भिंत दाखवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पण ह्वारकडं परतताना माएस्त्राल आता समोरून. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं जायचं. दर वळणाला एकानं सुकाणू धरायचं, दोघांनी दोर सोडायचे, दोघांनी ओढायचे. ह्वारची टेकडी कधी डावीकडं यायची, कधी उजवीकडं, आणि जवळ काही येईना. इंजिन लावू या, असं मात्र त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही. अंधार पडता पडता ह्वारसमोरच्या बेटुकल्यांमधल्या एका खाडीत शिरलो. नांगरानं तळाचं समुद्रगवत उपटलं जाऊ नये म्हणून मैत्रिणीनं विजेरीच्या उजेडात वाळूचा पांढरा तुकडा शोधला. आदल्या दिवशी हट्ट करणारा मित्र पुढं नांगरापाशी उभा होता. तिनं हात वर केला आणि त्यानं साखळी सोडली.