डाव्या बगलेचा राखणदार: आमेदेओ कार्बोनीची वालेन्सियातली नऊ वर्षं

[दृश्य: वालेन्सिया शहर, मेस्ताया स्टेडियमच्या उभ्या चढाच्या गॅलऱ्या]

1997च्या उन्हाळ्यात रोमा क्लब सोडून इटालियन फुटबॉलपटू आमेदेओ कार्बोनी स्पेनमधल्या वालेन्सिया क्लबात आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. लेफ्ट-बॅकसाठी, म्हणजे बचावातल्या डाव्या कडेच्या खेळाडूसाठी, हे उतरणीचं वय. ही जागा खेळाडूला पळवून दमवते. आपल्या पेनल्टी क्षेत्रापासून समोरच्या कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जायचं, चेंडू हातचा गेला की तेवढंच अंतर उलट्या दिशेनं कापायचं, आणि समोर बहुधा दहा वर्षांनी लहान विंगर, म्हणजे कडेनं धावणारा आक्रमक. अशा जागेवर तो परदेशात आणखी नऊ वर्षं खेळला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी थांबला. कुठे धावायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ते जमलं.

कार्बोनीचा जन्म तोस्कानातल्या आरेत्सोचा, 6 एप्रिल 1965. खेळाची सुरुवातही गावच्याच संघातून. सांपदोरियाकडून 1989चा इटालियन कप आणि 1990चा युरोपियन कप विनर्स कप त्यानं जिंकला. पुढची सात वर्षं रोमामध्ये गेली. इटलीसाठी तो 18 सामने खेळला, 1996च्या युरो स्पर्धेतही होता. म्हणजे मोठा खेळाडू, पण बारेसी किंवा माल्दिनी या थोर इटालियन बचावपटूंच्या पंगतीतला नव्हे.

त्या काळी इटालियन बचावपटू देशाबाहेर फारसे जात नसत. जगातला सगळ्यात जास्त पैसा सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, होता, बाकीचे तिथे यायला धडपडत. डिसेंबर 1995मध्ये युरोपियन न्यायालयाचा बोसमन निकाल आला. करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो आणि युरोपीय संघातल्या नागरिकाला 'परदेशी' म्हणून मोजता येत नाही, हे त्यानं ठरवलं. मग दारं उघडली. जानेवारी 1997मध्ये क्रिस्तियान पानुच्ची मिलान सोडून रेआल माद्रिदला गेला आणि त्याच वर्षी कार्बोनी वालेन्सियाला.

आपल्याकडे इटालियन बचावपटू आले ते फार पुढे, 2014च्या इंडियन सुपर लीगमध्ये. मार्को मातेरात्सी आणि आलेस्सांद्रो नेस्ता चेन्नईयिनकडे, ब्रूनो चिरिल्लो पुणे सिटीकडे. हे तिघंही कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आले होते. कार्बोनीच्या बाबतीत मात्र जे खरं घडायचं ते परदेशात पोचल्यावरच घडलं.

[दृश्य: मैदानाचा नकाशा, चार बचावपटूंची रेषा चेंडूबरोबर डावी-उजवीकडे सरकते]

आता लेफ्ट-बॅकचं काम जरा जवळून पाहू.

चौघांची रेषा असते. चेंडू समोरच्या, म्हणजे उजव्या बाजूला असेल, तर लेफ्ट-बॅकनं आपली टचलाइन (मैदानाची कडेची रेषा) सोडून आत यायचं, पेनल्टी क्षेत्राच्या रुंदीच्याही आत, शेजारच्या सेंटर-बॅकपासून (मधल्या बचावपटूपासून) आठ-दहा मीटरवर. त्या वेळी त्याच्या बाजूचा विंगर मोकळा दिसतो आणि प्रेक्षक ओरडतात. ओरडू द्यायचं. चेंडू तिकडून इकडे यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बाहेर पोचता येतं. आत न येता टचलाइनला चिकटून राहिलं, तर सेंटर-बॅक आणि आपल्यामध्ये जी फट पडते, तिच्यातून आलेला पास सरळ गोलसमोर जातो. ती फट कोणीही भरून काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट रेषेची उंची. चेंडूवाल्याची पाठ आपल्याकडे असेल, किंवा त्याची मान खाली असेल, तर रेषा पुढे सरकते. त्यानं मान वर केली, पाय मोकळा झाला, की रेषा मागे. हा निर्णय चौघांचा एकाच क्षणी व्हावा लागतो. रेषा एकदम पुढे सरकवून समोरच्याला ऑफसाइड पकडायचा सापळा बहुतेक वेळा कडेचा माणूस मोडतो, कारण त्याची नजर आपल्या विंगरवर असते आणि शेजारचा पुढे गेलेला त्याला कळत नाही. तो अर्धा मीटर मागे राहिला तरी समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड ठरतो आणि बाकी तिघांची मेहनत पाण्यात. कार्बोनीचं डोकं सतत उजवीकडे वळलेलं असायचं. आधी रेषा, मग माणूस, हे वळण इटलीचं.

आणि समोरासमोरची झुंज. वेगवान विंगरसमोर छाती समोर करून सरळ उभं राहिलं की खेळ संपला, तो कुठल्याही बाजूनं निघून जातो. शरीर तिरकं ठेवायचं, दीड-दोन मीटर अंतर राखायचं, त्याला टचलाइनकडे ढकलायचं आणि पाय तेव्हाच टाकायचा जेव्हा चेंडू त्याच्या बुटापासून सुटलेला असेल. घाईनं पाय टाकला तर चेंडूही जातो आणि माणूसही. कार्बोनी टणक खेळायचा, रेफ्रीची कार्डंही त्यानं पुष्कळ झेलली. पण त्याची बरीच आडवणूक चेंडू विंगरपर्यंत पोचण्याआधीच झालेली असायची. पास सुटताना तो दोन पावलं पुढे आलेला असे.

[दृश्य: 1999, सेव्हिया, कोपा देल रेची अंतिम लढत]

वालेन्सियात त्याला एकामागून एक तीन निराळे प्रशिक्षक मिळाले आणि तिघांची बचावरेषा निराळी.

पहिल्याच मोसमात खोर्खे वाल्दानोला काही आठवड्यांत नारळ मिळाला आणि क्लाउदियो रानिएरी आला. त्याची रेषा खोल, जवळपास पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी. मागे जागाच सोडायची नाही, चेंडू हिसकावला की लांब पास आणि पुढे क्लाउदियो लोपेसची धाव. इटलीहून आलेल्या माणसासाठी ही ओळखीची भाषा. 26 जून 1999 रोजी सेव्हियात आत्लेतिको माद्रिदला 3-0 हरवून वालेन्सियानं कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय कप, जिंकला.

मग अर्जेंटिनाचा एक्तोर कूपर. त्याच्या संघात चार-चारच्या दोन रांगा, दोन्हींमध्ये इतकं कमी अंतर की मधून पास द्यायलाच जागा नाही. एप्रिल-मे 2000मध्ये मेस्तायावर लात्सियोला 5-2 आणि बार्सिलोनाला 4-1 अशी धूळ चारून हा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेला. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसला 24 मे 2000 रोजी रेआल माद्रिदनं 3-0 हरवलं. त्या रात्री डाव्या बगलेत कार्बोनी नव्हता, गेरार्दो खेळला.

[दृश्य: मिलान, सान सिरो, 23 मे 2001]

दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी. या वेळी मिलानमध्ये, समोर बायर्न म्युनिक, आणि 36 वर्षांचा कार्बोनी आपल्या मायदेशात पहिल्या अकरात.

तिसऱ्याच मिनिटाला वालेन्सियाच्या मेंदिएतानं पेनल्टीवर गोल केला. लगेच बायर्नला पेनल्टी मिळाली, मेहमेट शोलचा फटका वालेन्सियाचा गोलरक्षक सान्तियागो कान्यिसारेसनं पायानं अडवला. मध्यंतरापर्यंत 1-0. मग दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला वालेन्सियाच्या गोलसमोर उंच चेंडू आला. बायर्नचा कार्स्टन यांकर, उंची 1 मीटर 93, आणि त्याच्याशी हवेत भिडलेला कार्बोनी. चेंडू कार्बोनीच्या हाताला लागला. रेफ्री डिक योल यांनी पेनल्टी दिली आणि बायर्नच्या एफेनबर्गनं बरोबरी केली.

इथे एक बाब नीट समजून घ्यायला हवी. उंच माणसाशी उडी घेताना तोल आणि उंची मिळवायला हात वर जातातच, त्याशिवाय उडी साधत नाही. म्हणूनच शहाणा बचाव लेफ्ट-बॅकला अशा झुंजीत सहसा अडकू देत नाही, ते काम सेंटर-बॅकचं. पण चेंडू लांबच्या खांबाकडे आला की तिथे लेफ्ट-बॅकच असतो. त्याची जागा चुकली नव्हती, हात चुकला.

जादा वेळेतही 1-1. पेनल्टी शूटआउटमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन फटके झाल्यावर 2-2. बायर्नचा चौथा, पात्रिक अँडरसनचा फटका कान्यिसारेसनं अडवला. वालेन्सियाचा चौथा होता कार्बोनी. गोल झाला असता तर 3-2 आघाडी. त्यानं जोरात मारला, बायर्नचा गोलरक्षक ओलिव्हर कानचा हात लागला आणि चेंडू आडव्या दांड्यावर आपटून बाहेर आला. पुढे एफेनबर्ग आणि वालेन्सियाचा बाराहा, दोघांनीही आपापले पाचवे फटके आत मारले. म्हणजे कार्बोनीचा फटका आत असता तर बाराहाच्या गोलवर करंडक वालेन्सियाचा होता. शेवटी वालेन्सियाच्या पेलेग्रिनोचा फटका कानने रोखला आणि 5-4नं बायर्न जिंकलं.

तो उन्हाळा क्लबला जड गेला. 17 जूनला लीगच्या शेवटच्या सामन्यात बार्सिलोनात 2-2 असताना रिव्हाल्डोनं शेवटच्या क्षणी ओव्हरहेड किकवर गोल केला आणि पुढच्या चॅम्पियन्स लीगची जागाही हुकली. कूपर इंटरला गेला, मेंदिएता लात्सियोला. छत्तिशीचा लेफ्ट-बॅक मात्र राहिला.

[दृश्य: राफाएल बेनितेस सराव मैदानावर]

नवा प्रशिक्षक राफाएल बेनितेस आला आणि बचावरेषा आणखी पुढे सरकली. 4-2-3-1 मांडणी, आल्बेल्दा आणि बाराहा ही मधली जोडी, रोबेर्तो आयालाभोवती उभा केलेला बचाव. रेषा पुढे गेली की पाठीमागे पस्तीस-चाळीस मीटर मोकळं मैदान पडतं आणि वय झालेल्या बचावपटूसाठी यासारखं संकट नाही. ते निभावलं दोन कारणांनी. एक तर पुढचे सहाजण चेंडूवाल्याला मान वर करू देत नसत, त्यामुळे पाठीमागे पडणारा लांब पास मुळात नीट सुटत नसे. दुसरं, कार्बोनी पळायला आधी सुरुवात करायचा. तीस मीटरच्या शर्यतीत विंगरशी बरोबरी जमणार नाही, हे धरूनच तो तीन मीटर आधी निघत असे. पुढे धावण्यातही काटकसर होती. डावा विंगर, आधी किली गोन्सालेस आणि मग विसेन्ते, स्वतःच टचलाइन सांभाळायचा. आल्बेल्दा जागा भरायला असेल तेव्हाच कार्बोनी पुढे जायचा.

बेनितेसनं खेळाडूंची अदलाबदलही भरपूर केली. डावीकडे ब्राझीलचा फाबियो औरेलिओ होता, पाय सुरेख, पुढे जाण्यात कार्बोनीपेक्षा सरस. बचाव धरायचा असेल तेव्हा कार्बोनी. ही वाटणी दोघांच्याही फायद्याची होती, आणि माझ्या मते कार्बोनीची शेवटची वर्षं तिनंच वाढवली.

2001-02मध्ये 38 सामन्यांत वालेन्सियानं फक्त 27 गोल खाल्ले. केलेले गोल 51, विजेत्यासाठी तसे थोडेच. 5 मे 2002 रोजी मालागात 2-0 जिंकून त्यांनी 31 वर्षांनी लीग मिळवली. 2003-04मध्ये औरेलिओ दुखापतींमुळे बराच काळ बाहेर राहिला आणि डाव्या बगलेचा भार पुन्हा कार्बोनीवर आला. त्या वर्षीही खाल्लेले गोल 27च. 9 मे 2004 रोजी सेव्हियात पुन्हा 2-0, पुन्हा लीग.

दहा दिवसांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, उलेव्ही मैदानावर, मार्सेयविरुद्ध युएफा कपची अंतिम लढत. कार्बोनीचं वय 39 वर्षं 43 दिवस. याच मैदानावर 9 मे 1990 रोजी तो सांपदोरियाकडून कप विनर्स कपची अंतिम लढत खेळला होता आणि अँडरलेख्टला 2-0 हरवलं होतं. मध्यंतराआधी मार्सेयचा गोलरक्षक बार्तेझ मिस्ताला पाडून लाल कार्ड घेऊन गेला, विसेन्तेनं पेनल्टी मारली. दुसरा गोल मिस्ताचा. याही वेळी 2-0. समोर मार्सेयचा फॉरवर्ड दिदिये द्रोग्बा होता, त्याला गोल मिळाला नाही.

[दृश्य: 2004-05, रानिएरी पुन्हा मेस्तायात]

बेनितेस लिव्हरपूलला गेला, रानिएरी परतला आणि त्यानं आणखी इटालियन आणले: कोर्रादी, फियोरे, दी वायो, आणि लेफ्ट-बॅक एमिलियानो मोरेत्ती. ऑगस्टमध्ये पोर्तोला हरवून युरोपचा सुपर कप मिळाला, पण फेब्रुवारी 2005मध्ये रानिएरीची गच्छंती झाली. त्या इटालियनांपैकी मोरेत्ती टिकला, 2009पर्यंत.

2006मध्ये, 41व्या वर्षी, कार्बोनी खेळाडू म्हणून थांबला आणि त्याच क्लबचा क्रीडा संचालक झाला. त्या उन्हाळ्यात होआकिन, मोरिएन्तेस आणि चेल्सीकडून लेफ्ट-बॅक आसिएर देल ओर्नो आले. प्रशिक्षक किके सान्चेस फ्लोरेसशी त्याचे खटके उडत राहिले आणि 2007मध्ये त्यानं क्लब सोडला. देल ओर्नो दुखापतींतून फारसा वर आलाच नाही, आणि डावी बगल मोरेत्तीकडे गेली.