सेड शिकूया: एका वेळी एक ओळ

नमस्कार मंडळी! नाशिकहून तुमचं स्वागत. आज आपण सेड (sed) शिकणार आहोत, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड देऊन फाइलमधला मजकूर शोधणारा आणि बदलणारा प्रोग्राम. ली मॅकमहोन यांनी १९७३-७४च्या सुमारास बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत तो लिहिला. आजही लिनक्सवर आणि मॅकवर तो आधीपासूनच असतो. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल घ्या, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय.

(स्क्रीनवर: टर्मिनल, कांद्याच्या भावांची साधी टेक्स्ट फाइल)

ही सरावासाठी बनवलेली फाइल बघा. प्रत्येक ओळीत तारीख, बाजार समिती आणि क्विंटलचा भाव. लासलगाव, येवला, मनमाड, सगळे आहेत. पण कुणी ‘नाशिक’ लिहिलंय, कुणी ‘नाशीक’.

कमांड पाठ करायच्या आधी सेड काम कसं करतो ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. लासलगावला लिलाव कसा चालतो? एका ट्रॉलीपाशी थांबायचं, माल बघायचा, भाव ठरवायचा, मग पुढची ट्रॉली. सेडही तसाच. एक ओळ हातात घेतो, तुमचा नियम लावतो, ओळ स्क्रीनवर सोडतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मूळ फाइलला हात लागत नाही. म्हणून शिकताना बिनधास्त प्रयोग करा.

आता टाइप करा (कमांडची अक्षरं इंग्रजीत, sed, s अशी): सेड, मग एकेरी अवतरणात एस/नाशीक/नाशिक/, आणि शेवटी फाइलचं नाव. एस म्हणजे बदल. एका ओळीत ‘नाशीक’ दोनदा आलं असेल तर पहिलंच बदलेल. सगळी बदलायची तर शेवटच्या तिरक्या रेघेनंतर जी लावा. फक्त लासलगावच्या ओळी हव्यात? डॅश एन द्या, म्हणजे ओळी आपोआप छापल्या जात नाहीत, आणि /लासलगाव/पी लिहा; पी म्हणजे छाप.

इथवर सोपं आहे. आता खरी गंमत. फाइलमध्ये काही ठिकाणी ‘पिंपळगाव ब.’ आहे, काही ठिकाणी पूर्ण ‘पिंपळगाव बसवंत’. सगळीकडे पूर्ण नाव हवं म्हणून सरळ एस/पिंपळगाव ब./पिंपळगाव बसवंत/ चालवलं...

(स्क्रीनवर: ‘पिंपळगाव बसवंतवंत’)

बसवंतवंत! सेडच्या शोधात टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. त्यामुळे ‘बसवंत’मधला ‘स’सुद्धा त्यात बसला. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, म्हणजे ते साधं टिंब राहतं. हे उदाहरण स्वतः टाइप करून बघाच. इथे थोडा वेळ घालवला तर पुढचे पॅटर्न वाचताना फार सोपं जातं.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मराठीतली. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सेडला मात्र ते वेगळे. शब्द समोर दिसतोय आणि बदलत नाही, असं झालं तर लिनक्सवर डॅश एन आणि एल देऊन ती ओळ छापा. आतले बाइट आकड्यांत दिसतील आणि फरक लगेच सापडेल. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी फाइलमध्ये कायमचा बदल. त्यासाठी डॅश आय. पण नुसतं नाही, त्याला चिकटून .बॅक लिहा, म्हणजे जुन्या फाइलची प्रत शेजारी राहते. मध्ये जागा सोडू नका. असं चिकटवून लिहिलेलं लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालतं. मॅकवर नुसतं डॅश आय दिलंत तर तो पुढचा शब्दच प्रतीच्या नावाचा भाग समजतो.

मग डिफ (diff) ही दोन फाइलींमधला फरक दाखवणारी कमांड चालवून जुनी आणि नवी फाइल ताडून बघा, आणि त्यानंतरच .बॅकवाली प्रत काढून टाका.