हलगी, माग आणि रॅप

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सोलापुरात, आमच्या गल्लीतला एक पोरगा रॅप करतो. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात, रात्री मोबाइल घेऊन गच्चीवर. मागच्या महिन्यात त्यानं मला पहिलं गाणं ऐकवलं. आवाज दमदार, दमही चांगला. पण शब्द सगळे मुंबईचे. लोकल, खाडी, चाळ. मी विचारलं, "बाळा, लोकलमध्ये बसलायस का कधी?" म्हणाला, "नाही काका. पण रॅप म्हटलं की असंच तोंडात येतं."

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचं 'मेरे गली में' आलं आणि गावोगावची पोरं ते ऐकतच मोठी झाली. नवा कीर्तनकारसुद्धा आधी गुरूच्याच आवाजात बोलतो.

पण या कलेचा उगम बघा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झालेल्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपची, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताची, सुरुवात मानतात, तिथं तबकड्या वाजवणारा कूल हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. रस्त्यावर भलेमोठे स्पीकर रचायचे आणि गाणं चालू असताना मध्येच माइकवर बोलायचं, ही तिकडची रीत तो लहानपणापासून ऐकत आलेला. लोक गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर बेभान होतात हे त्यानं हेरलं आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावून तो तुकडा लांबवत नेला.

सोलापुरात तो तुकडा हलगीवाल्याच्या हातात आहे. आधी जाळावर हलगी शेकायची, कातडं ताणलं की टिचकी मारून आवाज बघायचा. मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हाताच्या बोटांत बारीक काडी. जाड टिपरू ठेका धरतं आणि बारीक काडी त्याच्या फटी भरत जाते. मिरवणुकीत लेझीमवाले त्या फटींवरच पाय टाकतात. आणि शहराच्या पूर्व भागात मागाचा खडखडाट, दिवसरात्र, एका लयीत. त्या आवाजात झोपलेल्या पोराला ठेका वेगळा शिकवावा लागत नाही.

आता शब्दांकडे येतो, कारण माझा जीव तिथं अडकलाय. सुमारे २५० वर्षांपूर्वी याच सोलापुरात शाहीर राम जोशी जन्मले. घर वैदिकांचं, ओढ तमाशाच्या फडाची. त्यांची एक ओळ मुद्दाम सावकाश म्हणतो: "हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी." आणि लगेच पुढे, "मठाची उठाठेव का तरी." 'टा' किती वेळा आपटला बघा, आणि मग 'ठा'! यमक ओळीच्या शेवटापर्यंत थांबतच नाही, पावलापावलाला येतं. वर ढोंगी साधूला थेट सवाल. रॅपर ज्यासाठी रात्र रात्र वही खरडतात, ते हेच. कलगी-तुऱ्याच्या फडात तर सवालाला जवाब तिथल्या तिथं द्यावा लागे, नाही जमलं तर हार.

मी ती ओळ पोराला शिकवली. तीनदा अडखळला, चौथ्यांदा सुसाट म्हणाला. मग विचारतो, "काका, हे आपल्या गावचं? मग शाळेत असं जोरात का म्हणून घेतलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच्या घरी तेलुगू बोलतात. दोस्तांत दख्खनी, बाजारात कन्नड कानावर पडतं आणि मराठी अशी, "काय करलालास बे?" हे 'करलालास' त्याला गावंढळ वाटायचं, म्हणून गाण्यात चोरून टाकायचा. मी म्हटलं, अरे, म्हणून तर बघ, किती गोल फिरतो हा शब्द तोंडात! परवा त्यानं चार ओळी आणल्या. आई मागावर तुटलेला धागा जोडताना तेलुगूत काय पुटपुटते ते पहिल्या ओळीत, आणि तिला विचारलेला प्रश्न सोलापुरी मराठीत. ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

येत्या रविवारी पलीकडच्या गल्लीतले हलगीवाले मामा त्याच्या गच्चीवर येणार आहेत. जाळ करायला जागा हवी म्हणून पोरानं कालच तुळशीच्या कुंड्या कडेला सरकवून ठेवल्यात.