नवऱ्याला न विचारता

नमस्कार श्रोतेहो.

१९९७ साली पुण्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ५२५ स्त्रिया, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या. त्यांतल्या शंभरात जवळजवळ चौदा जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. आणि या ५२५ पैकी बहुतेकींचा उभ्या आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता.

अशा बाईला आपण काय सांगत होतो? नवऱ्याशी एकनिष्ठ राहा. ती होतीच. निरोध वापरा. तो वापरायचा की नाही, हे नवरा ठरवणार. मग तिच्या स्वतःच्या हातात काय उरलं?

या प्रश्नाचा पाठपुरावा दक्षिण आफ्रिकेत संशोधक कराईशा अब्दुल करीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटानं केला. २०१० साली त्यांनी टेनोफोविर जेलचे, म्हणजे बाईनं योनीमार्गात लावायच्या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलचे, निष्कर्ष मांडले. क्वाझुलू-नातालमधल्या ८८९ स्त्रियांच्या चाचणीत लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली होती. त्याआधी हे जेल सुरक्षित आहे का, याची तपासणी आपल्या पुण्यातही झाली होती.

पण पुढच्या मोठ्या चाचणीत, २०१५ मध्ये, जेलचा उपयोग दिसला नाही. जेल संबंधाआधी लावायचं, नंतर पुन्हा लावायचं. सहभागी मुली तरुण होत्या, बऱ्याच जणी आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या. तिथे आडोसा कुठून आणायचा? अनेकींना ते दर वेळी वापरता आलं नाही. यात त्यांचा हलगर्जीपणा मला दिसत नाही. त्यांचं घर लक्षात घेऊन ते औषध घडवलेलंच नव्हतं.

म्हणून मला डॅपिव्हिरिन या एचआयव्हीविरोधी औषधाची रिंग महत्त्वाची वाटते. सिलिकॉनची मऊ कडी. बाईनं स्वतःच योनीमार्गात बसवायची, महिनाभर ठेवायची. संरक्षण मध्यम, चाचण्यांत साधारण तीस टक्के. तरीही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तिची शिफारस केली.

आणि आता लेनाकॅपाविर, एचआयव्हीची लागण रोखणारं औषध. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही! २०२४ मध्ये हा निकाल आला. आता हैदराबादच्या दोन कंपन्या त्याचं स्वस्त रूप २०२७ पासून, वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत.

औषध आपल्या देशात बनणार असेल, तर ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही मिळायला हवं. आणि तिथे ते मागायला आलेल्या बाईला कुणी नवऱ्याची सही आणायला सांगू नये.