धूळ, सिगारेट आणि धसका

मंडळी, फळ्यावर मी चार आकडे लिहिले आहेत : ११, ५८, १२३ आणि ६०२. दर एक लाख पुरुषांमागे वर्षाकाठी फुप्फुसाच्या कॅन्सरने किती मृत्यू झाले, त्याचे हे आकडे. सिगारेट ओढत नाहीत आणि ॲस्बेस्टॉसशीही (बॉयलरच्या वेष्टणात, सिमेंटच्या पत्र्यांत वापरलं जाणारं तंतुमय खनिज) संबंध नाही, असे पुरुष : ११. ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणारे, पण सिगारेट न ओढणारे : ५८. नुसती सिगारेट ओढणारे : १२३. आणि दोन्ही असलेले : ६०२. दोन धोके आपापल्या जागी राहिले असते, तर मूळच्या ११ मध्ये धुळीचे जादा ४७ आणि सिगारेटचे जादा ११२ मिळवून शेवटचा आकडा १७० च्या आसपास यायला हवा होता. वरचे चारशेहून अधिक मृत्यू ना एकट्या धुळीचे, ना एकट्या सिगारेटचे. ते दोघींच्या संगतीचे आहेत. आज मला बोलायचं आहे ते या चारशेंबद्दल.

हे आकडे कायलर हॅमंड, आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केले. पाहणी होती अमेरिका आणि कॅनडातल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांची, म्हणजे बॉयलरना, वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण चढवणाऱ्यांची. सेलिकॉफ मुळात छातीचे डॉक्टर. क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. न्यू जर्सीतल्या पॅटरसनला त्यांचा दवाखाना होता आणि तिथल्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातले कामगार त्यांच्याकडे येत.

त्यांनी पुढे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. कारखान्याच्या दाराशी उभं राहून तपासणी केली, तर भेटतात ते अजून धडधाकट असलेले लोक. ज्यांना धाप लागते ते काम सोडून केव्हाच घरी बसलेले असतात. सेलिकॉफ युनियनच्या दप्तराकडे वळले. न्यूयॉर्क आणि नूअर्कच्या इन्सुलेशन कामगारांच्या यादीवर १९४२ च्या अखेरीस ६३२ नावं होती. त्यातल्या एकेकाचं १९६२ पर्यंत काय झालं, याचा त्यांनी माग काढला. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कॅन्सरने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. पुढे पॅटरसनच्या कामगारांच्या घरांतही शोध घेतला गेला. कामाचे कपडे घरी यायचे, ते कोणीतरी झटकून धुवायचं. कारखान्यात पाऊल न ठेवलेल्या बायकामुलांतही मेसोथेलिओमा, म्हणजे त्या आवरणाचा कॅन्सर, आढळला. या कॅन्सरला सिगारेटची गरज लागत नाही. आणि तो दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं जातात.

आता न्यूयॉर्कमध्येच राहू, पण २००१ मध्ये येऊ. वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तरेकडचा मनोरा बांधताना आगीपासून बचाव म्हणून जवळपास चाळीस मजल्यांपर्यंत ॲस्बेस्टॉसमिश्रित लेप फवारला होता. ११ सप्टेंबरच्या विमानहल्ल्यात दोन्ही मनोरे कोसळले. जी धूळ उठली तिच्यात ॲस्बेस्टॉस थोडंच होतं. मोठा भाग सिमेंटचा चुरा, जिप्सम आणि काचतंतूंचा होता, आणि ती चांगलीच अल्कधर्मी होती. ओलं सिमेंट हाताळून गवंड्याची बोटं चिरतात, तसाच हा क्षार त्या लोकांच्या घशात आणि श्वासनलिकेत गेला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १८ सप्टेंबरला हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. पुरेसा आधार नसताना दिलेला तो दिलासा होता, आणि लोक त्यावर विसंबून कामाला, घराला परतले. पुढे ढिगारा उपसणाऱ्यांची तपासणी सुरू झाली ती माउंट सायनाय रुग्णालयातल्या, सेलिकॉफ यांचंच नाव असलेल्या केंद्रात.

हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांनी मॅनहॅटनमधल्या ९८८ रहिवाशांना फोन करून एक पाहणी झाली. जवळजवळ १० टक्के लोकांनी सिगारेट वाढल्याचं सांगितलं, आणि ज्यांची वाढली त्यांच्यात पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात बसणाऱ्या धसक्याच्या आजाराची, लक्षणं जास्त होती : दचकून उठणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्या रस्त्याने जाणं टाळणं. नंतर त्या हल्ल्याची झळ पोहोचलेल्या ७१,००० हून अधिक लोकांची एक नोंदवही उघडली गेली. तिच्यातल्या प्रौढांत दोन-तीन वर्षांनी १४ टक्क्यांना पीटीएसडीची लक्षणं होती. पाच-सहा वर्षांनी १९ टक्क्यांना. काळ हेच औषध असं आपण सहज म्हणतो. इथे काळ गेला आणि आकडा वाढला.

संशोधकाची खरी कसोटी इथे लागते. आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो : धुळीचा परिणाम मोजायचा असेल, तर सिगारेटचा हिशेब बाजूला काढा, नाहीतर तिचा दोष धुळीच्या माथी जाईल. पॅटरसनपुरतं ते ठीक आहे. पण ज्या स्वयंसेवकाची सुटलेली सिगारेट ढिगाऱ्यातून मृतदेह काढल्यावर पुन्हा सुरू झाली, त्याच्या बाबतीत तुम्ही सिगारेट वजा करता तेव्हा त्या दिवसाच्या नुकसानीचाच एक तुकडा वजा करता. इथे सिगारेट बाहेरून आलेली नाही, ती घटनेच्या पोटातूनच आली आहे. सॉफ्टवेअर हे सांगणार नाही. त्याला दोन्ही रकाने सारखेच दिसतात. सिगारेट कधी सुरू झाली, कधी वाढली, हे विचारलेलंच नसेल, तर नंतर कितीही गणित केलं तरी हा भेद हाती लागत नाही. म्हणून मी प्रश्नावलीला गणिताहून वरचं स्थान देतो.

कॅन्सरबद्दल घाई करू नये, हेही सांगायला हवं. २०११ साली न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. धुळीत गेलेल्या जवानांत न गेलेल्यांपेक्षा कॅन्सर सुमारे १९ टक्क्यांनी जास्त होता, पण अनिश्चितता मोठी होती. या जवानांची दरवर्षी तपासणी होते, आणि तपासणी वाढली की थायरॉइडचे, प्रोस्टेटचे कॅन्सर जास्त सापडतात. संशोधकांनी त्याची सूट देऊनच हा आकडा काढला होता. शिवाय अभ्यासाने हल्ल्यानंतरची पहिली सात वर्षंच धरली होती, आणि सात वर्षांत ॲस्बेस्टॉस बोलत नसतं. त्याच्या हिशेबाने तो अभ्यास फार लवकरचा होता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाबतीत एक निकाल दिला : प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायची. आजाराचा वेग ओळखून दिलेला हा निकाल आहे. पण आज कंत्राटदार बदलला की हजेरीपट बदलतो. सेलिकॉफना सापडली तशी यादी अशा कामगारांसाठी कोण ठेवणार? त्या यादीत विडी-सिगारेटचा, अपघाताचा, झोप उडाल्याचाही रकाना हवा.

छातीत रुतलेला तंतू काढता येत नाही, पण सिगारेट सोडवता येते. उत्तर अमेरिकेतल्या त्याच कामगारांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा मृत्युदर निम्म्यावर आलेला दिसला. तेव्हा तुमच्या घरात कोणी गोदीत, बॉयलरवर किंवा पत्र्यांच्या कारखान्यात काम केलेलं असेल, तर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली असली तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवताना ते फोडू नका, कापू नका. पाण्याने भिजवून अख्खे खाली घ्या. खाली पडलेला चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि ते फडकं धुवायला घरात नेऊ नका.