वलय आपोआप मिटतं, अडतं दुसरीकडे

श्रोतेहो, नमस्कार. पायपेरिडीन म्हणजे पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं वलय. अनेक औषधांत ते सापडतं. विकरांकडून, म्हणजे एन्झाइमांकडून, ते बनवून घ्यायचा एक मार्ग असा: 1,5-डायकीटोन घ्यायचा, म्हणजे सलग पाच कार्बनांच्या दोन्ही टोकांना कीटोन (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन) असलेला रेणू. ट्रान्सअमिनेज नावाचं विकर त्यातल्या एका कीटोनच्या जागी अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट, बसवतं. ते अमाइन दुसऱ्या कीटोनशी आपणहून जुळतं, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि वलय मिटतं. उरलेल्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधावर, म्हणजे इमाइनवर, इमाइन रिडक्टेज हे दुसरं विकर हायड्रोजन चढवतं.

अडतं ते खोबणीत, म्हणजे विकराच्या ज्या पोकळीत रेणू बसून प्रक्रिया घडते तिथे. बहुतेक ट्रान्सअमिनेजांच्या खोबणीचा एक कप्पा इतका अरुंद, की त्यात मिथाइलएवढाच, म्हणजे एका कार्बनचा, गट मावतो. तो रुंद करायला पाच जागी वीसही अमिनो आम्लं आजमावायची ठरवली, तर 32 लाख जुळण्या होतात. एवढ्या कोण तपासणार? म्हणून रेणू आधी संगणकावर खोबणीत बसवतात. रिडक्टेजच्या बाबतीत विकराला हायड्रोजन पुरवणारा मदतनीस रेणू म्हणजे एनएडीपीएच. त्याचा हायड्राइड (इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह हायड्रोजन) देणारा कार्बन इमाइनच्या कार्बनपासून साडेतीन-चार अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) हवा; शिवाय रेणूची कोणती बाजू त्याच्याकडे वळते तेही पाहायचं. बाजू चुकली, तर आरशातला जुळा रेणू हाती येतो.

आकडेमोडीवर फार विसंबू नये. फेनिलअ‍ॅलनिन हे मोठं अमिनो आम्ल काढून ग्लायसीन हे सर्वांत लहान घातलं की जागा होते, पण प्रथिन डळमळतं आणि ते बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूमध्ये त्याच्या अविद्राव्य गाठी होतात. प्रथिननिर्मितीच्या वेळी तापमान 37 वरून 20 अंशांवर आणलं, तर पुष्कळदा सुटका होते.

पहिल्या यशाचा आकडाही केविलवाणा असतो. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधासाठी घडवलेलं, 2010 साली प्रसिद्ध झालेलं ट्रान्सअमिनेज घ्या. तिथे वलय आधीच तयार होतं, विकराने फक्त अमाइन बसवायचं होतं. तरी खोबण संगणकावर पाहून केलेल्या पहिल्या बदलांनंतर रूपांतर एक टक्क्याच्याही आत होतं. पुढच्या फेऱ्यांत एकूण 27 बदल झाले, तेव्हा लिटरमागे 200 ग्रॅम कच्चा माल पचू लागला.

भांड्यातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अमाइन आयसोप्रोपिलअमाइनकडून घेतलं, तर त्याचा अ‍ॅसिटोन होतो आणि तो साचून प्रक्रिया उलटी फिरू लागते. तो हलक्या निर्वाताने किंवा नायट्रोजनच्या झोताने काढत राहायचा. वापरला गेलेला एनएडीपीएच पुन्हा बनवायला ग्लुकोज डीहायड्रोजिनेज हे विकर ग्लुकोजसह घातलं, तर ग्लुकोजपासून बनणाऱ्या ग्लुकॉनिक आम्लामुळे पीएच घसरतो. एकदा घातलेला बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, त्याला पुरत नाही, अल्कली थेंबाथेंबाने सोडत राहावी लागते.