जांघेतलं अवधान

नमस्कार, श्रोतेहो.

लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडायचा. तो नीट निघाला नाही, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ यायची. आजी हात लावून बघायची आणि म्हणायची, "अवधान आलंय." जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, हे काय गौडबंगाल, असं मला वाटायचं. अवधान या शब्दाचा दुसरा अर्थ लक्ष. आणि शरीराचं लक्ष त्या वेळी खरोखरच तिथे असतं.

काटा रुतला की आधी पांढऱ्या पेशी धावतात. जंतू दिसला की गिळायचा, हे त्यांचं काम. 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा! जखमेतला पू म्हणजे बराचसा याच झटापटीत मेलेल्या पेशी.

सगळे जंतू असे गिळून संपत नाहीत. मग काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन रसवाहिन्यांमधून, म्हणजे अंगातला पातळ रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, जवळच्या गाठीकडे निघतात. या गाठी एरवीही असतात, फक्त हाताला लागत नाहीत इतक्या लहान. पायाची वाट जांघेत जाते, हाताची काखेत. त्या गाठीत असंख्य पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला एकच विशिष्ट आकार ओळखता येतो. ज्या मोजक्या पेशींना आणलेला तुकडा ओळखू येतो, त्या भराभर दुणावू लागतात. गाठ सुजते ती मुख्यतः या गर्दीने. पुढे त्यांच्यातूनच अँटिबॉडीज, म्हणजे त्या जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. पहिल्यांदा भेटलेल्या जंतूसाठी या तयारीला आठवडाभर तरी जातो, आणि आपण आजारी असतो ते याच दिवसांत.

कधी कधी हे ठाणंच शत्रूच्या हाती पडतं. प्लेगचे जंतू पिसवेच्या चाव्यातून शिरतात, त्याच वाटेने गाठीत पोचतात आणि तिथेच वाढतात. आपल्याकडे प्लेगला 'गाठीचा ताप' म्हणत, ते उगाच नव्हे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. मेलेल्या जंतूने प्लेग होत नाही, पण पेशींना त्याची ओळख पटते. मुंबईतल्या परळच्या संशोधन संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.

ही ओळख किती टिकते? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1781 साली गोवर आला होता. त्यानंतर थेट 1846 साली आला. सुमारे पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला, तेव्हा त्याला दिसलं, की 1781 चा गोवर अंगावर काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. 65 वर्षांनंतरही!

सध्या जो तो 'इम्युनिटी वाढवणारे' काढे विकतो, म्हणून जाता जाता सांगते. ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी, असं नसतं. ती शेंगदाण्यालाच शत्रू समजून उसळली की अ‍ॅलर्जी, स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की आमवात.

आता पुन्हा काट्याकडे येऊ, कारण काट्यासोबत धनुर्वातही येऊ शकतो. गोवराची आठवण जन्मभर राहते, धनुर्वाताची मात्र राहत नाही. त्या जंतूचं विष इतकं जहाल, की माणूस मारायला जेवढं पुरतं तेवढं या पेशींना ओळख पटायलाही पुरत नाही. लशीत तेच विष निरुपद्रवी करून, भरपूर प्रमाणात देता येतं. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही डॉक्टर धनुर्वाताचीच लस टोचतात.

नमस्कार.